कोकरांसाठी हर्बल पावडर: वजन खरंच वाढतं का, आणि कोटीपोटातल्या जिवाणूंचं काय होतं?

जतचा_शेतकरी

राम राम मंडळी. जत तालुक्यात आमचं माडग्याळ मेंढ्यांचं छोटं खांड आहे. मेंढ्या दिवसा रानात जातात, पण दूध तुटलेली कोकरं वाड्यावरच ठेवतो. त्यांना मक्याचा भरडा, शेंगदाणा पेंड, कडब्याची कुट्टी आणि हाताला येईल तो पाला. नर कोकरं बकरी ईदच्या बाजारासाठी तयार करायची असतात, त्यामुळे एकेक किलो मोलाचा.

परवा आठवडी बाजारात एकाने हर्बल पावडर दाखवली. पाकिटावर मेथी, ओवा, लसूण, शतावरी, हिरडा आणि रिठा एवढी नावं. कशाचं किती, ते लिहिलेलं नाही. विकणाऱ्याचं म्हणणं असं की पोटातले चांगले जिवाणू वाढतात, वाईट मरतात आणि कोकरू झपाट्याने भरतं. त्याच्याकडे जिवाणूंचा रंगीत आलेखही होता. खर्च दर कोकरामागे बराच पडतो.

माझे प्रश्न दोन. या वनस्पतींनी पोटात नक्की काय होतं? आणि हे घ्यावं का, की तेवढ्या पैशात पेंड वाढवावी?

रवंथ

मी पशुपोषणात संशोधन करते आणि मेंढ्यांच्या कोटीपोटातले, म्हणजे चार पोटांपैकी पहिल्या आणि सगळ्यात मोठ्या पोटातले, सूक्ष्मजीव हाच माझा विषय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोटीपोटातल्या एक मिलिलिटर रसात साधारण एक हजार ते दहा हजार कोटी जिवाणू असतात. शिवाय एक ते दहा लाख प्रोटोझोआ, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पळताना दिसणारे एकपेशीय प्राणी. मिथेन वायू तयार करणारे आर्किया (जिवाणूंसारखेच, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) आणि चाऱ्याचा धागा फोडणारी बुरशी वेगळीच. कोकरू खातं तो चारा आधी हे सगळे मिळून आंबवतात. त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्लं तयार होतात, आणि मेंढीला लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे ७० टक्के वाटा या आम्लांचा असतो. मेलेले जिवाणू पुढे चौथ्या पोटात आणि आतड्यात पचतात, ती तिची प्रथिनं. तेव्हा पावडरीचा परिणाम व्हायचा तर तो बहुतांशी या वस्तीतून होणार, हे विकणाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे.

पण 'चांगले वाढतात, वाईट मरतात' हे मला मान्य नाही. स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जिवाणू घ्या. धडधाकट मेंढीच्या पोटातही तो थोड्या संख्येने असतो आणि काही त्रास देत नाही. तुम्ही एका दिवसात भरडा दुप्पट केला की तोच बेसुमार वाढतो, लॅक्टिक आम्ल ओततो, कोटीपोटाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली जातो आणि कोकरू आडवं होतं. त्याला उपद्रवी केलं ते गव्हाणीने.

आता तुमच्या पाकिटातली नावं.

ओव्यात थायमॉल असतं. ते जिवाणूंच्या पेशीचं आवरण फाडतं. लसूण ठेचला की त्यात ॲलिसिन तयार होतं, आणि लसणातल्या गंधकयुक्त द्रव्यांचा मारा मिथेन करणाऱ्या आर्कियावर जास्त बसतो. रिठा, शतावरी आणि मेथी यांत सॅपोनिन असतं. रिठ्याने फेस येतो तो त्याचाच. सॅपोनिन प्रोटोझोआच्या आवरणातल्या स्टेरॉलला धरतं आणि प्रोटोझोआ फुटतात. प्रोटोझोआ जिवाणूंना खात असल्यामुळे ते कमी झाले की जास्त जिवाणू पुढे आतड्यात पोचतात, म्हणजे कोकराला प्रथिनं जास्त. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, त्याबद्दल वेगळं लिहीन.

हे सगळं खरं आहे, आणि यावर आपल्या देशात चांगलं काम झालंय. बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत हिरडा आणि लसूण प्रत्यक्ष मेंढ्यांना खाऊ घालून मिथेन मोजला गेला आणि तो कमी झालेला दिसला. मात्र मिथेन कमी झाला म्हणजे वजन वाढलंच असं होत नाही. मिथेनच्या रूपाने चाऱ्यातली साधारण ६-७ टक्के ऊर्जा वाया जाते. त्यातली थोडी वाचली आणि त्याच वेळी धागा पचवणारे जिवाणूही दबले, तर हिशेब बरोबरीत सुटतो.

सगळ्यात मोठी अडचण मात्रेची आहे. ओव्याचं गणित मांडते. बियांत साधारण २ ते ४ टक्के तेल असतं, आणि त्यातलं निम्म्याच्या आसपास थायमॉल. कोकराला २ ग्रॅम ओवा दिलात तर तेल आलं ६० मिलिग्रॅम, थायमॉल ३० मिलिग्रॅम. पंधरा किलोच्या कोकराच्या कोटीपोटात दोन-तीन लिटर रस धरा. म्हणजे लिटरला १०-१५ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत ठळक परिणाम दिसतात ते लिटरला शेकडो मिलिग्रॅम टाकल्यावर. तुमच्या पावडरीत सहा वनस्पती आहेत आणि दिवसाची मात्रा चमचाभर असणार. मग प्रत्येकीच्या वाट्याला काय आलं?

जतचा_शेतकरी

ताई, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. मग ओवा जास्त घातला तर?

रवंथ

तिखट वासामुळे कोकरू खुराक सोडतं. शिवाय थायमॉलला धागा फोडणारे आणि आम्ल करणारे असा फरक फारसा कळत नाही. मात्रा वाढली की सगळेच दबतात.

आणखी एक गोष्ट. ही वस्ती फार लवकर जुळवून घेते. सॅपोनिनने पहिल्या काही दिवसांत प्रोटोझोआ कमी होतात, मग जिवाणू ते सॅपोनिनच तोडायला शिकतात आणि प्रोटोझोआ परत येतात. म्हणून आठवड्याभराच्या निकालावर कधीही विसंबू नका.

रानवाट

आम्ही पिढीजात मेंढरंवाले. दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणात उतरायचो, पावसाच्या आधी माघारी. कोकरं दिवसभर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, बायामाणसं त्यांच्याकडं बघायची. हिवर, बोर, बाभूळ यांच्या डहाळ्या तोडून टांगायच्या, कोकरं मागच्या पायावर उभी राहून ओरबाडायची. पावडर कुणाला ठाऊक नव्हती. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पडल्या की मेंढरं त्याच्यावर तुटून पडायची आणि अंगावर मांस धरायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण म्हातारी माणसं एक सांगायची, नुसत्या शेंगांवर कोकरू सोडू नका, लेंडी आवळती. आधी थोडं गवत-काडी पोटात पडू द्यायची. जंतासाठी वावडिंग असायचं, तेही रोज नाही.

माझं म्हणणं, झाडपाला हे काय नवीन औषध नाही, पण ते पाकिटातनं देणं आणि रानातनं निवडून खाऊ देणं यात फरक आहे. मेंढरू बाभळीचं चार घास खाऊन गवताकडं वळतं. गव्हाणीत मिसळून दिल्यावर त्याला निवड राहत नाही.

रवंथ

रानवाट दादा, शेंगांबद्दल तुम्ही सांगितलंत ते टॅनिनच्या अभ्यासाशी तंतोतंत जुळतं.

कोटीपोटाचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान असतो. तिथे टॅनिन पेंडीतल्या प्रथिनांना घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे जिवाणूंना ती तोडून अमोनियात उधळता येत नाहीत. पुढे चौथ्या पोटात आम्ल कडक, सामू साडेतीनच्या खाली. तिथे ही पकड सुटते आणि प्रथिनं सरळ कोकराच्या पदरात पडतात. आहाराच्या कोरड्या वजनात २ ते ४ टक्के टॅनिन असेल तर फायदा दिसतो. ५ टक्क्यांच्या वर गेलं की तोंडाला तुरट लागतं, खाणं घटतं, धागा पचत नाही आणि लेंडी आवळते. पंधरा किलोचं कोकरू दिवसाला सुमारे ६०० ग्रॅम कोरडा आहार खातं. म्हणजे टॅनिन १२ ते २४ ग्रॅमच्या मर्यादेत हवं. बाभळीच्या शेंगा मूठभर असल्या तर खुराकाचा भाग, पाटीभर झाल्या तर नुकसान.

आणि हिरडा पावडरीत कितीही असला, चमचाभर मात्रेत तो या १२ ग्रॅमच्या जवळपासही जात नाही.

दूरदेशी

न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांच्या फार्मवर काम करतो, मूळ बारामतीचा. इथे लोटस कॉर्निक्युलेटस नावाची शेंगवर्गीय वनस्पती कुरणात पेरून मेंढ्यांवर बरेच प्रयोग झाले. कारण वर ताईंनी सांगितलं तेच, त्यात मध्यम प्रमाणात टॅनिन असतं. तिच्यावर चरणाऱ्या मेंढ्यांची प्रथिनं वाचतात, आणि काही प्रयोगांत जुळ्यांचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. पण कुणी तिची पावडर करून चमच्याने देत नाही. तो चाराच असतो, पोटभर. आपल्याकडच्या हवामानात ती चालणार नाही, बाभूळ-हिवर हेच आपलं.

युरोपातली एक बाजूही सांगतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालायला बंदी केली. त्यानंतर सगळ्या खाद्य कंपन्या वनस्पतींच्या अर्कांकडे धावल्या. हर्बल पावडरींचा आजचा मोठा बाजार बराचसा त्यातून उभा राहिला. हेतू चांगला आहे, खाद्यातली प्रतिजैविकं जायलाच हवीत. फक्त त्यांची जागा घेणारी गोष्टही तितकीच तपासून घ्यायला हवी.

पशुवैद्य७

जतकर, पावडरीकडे नंतर येऊ. आधी मला सांगा, कोकरांना आंत्रविषाराची लस दिली आहे का? भरड्यावर वाढवलेल्या कोकरांत मी सगळ्यात जास्त मृत्यू याच रोगाने पाहिलेत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचा ड प्रकार आतड्यात थोडा असतोच. पिठूळ खुराक न पचता खाली उतरला की तो वाढतो आणि विष सोडतो. आणि मरतं कोण, तर खांडातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू. संध्याकाळी उड्या मारत होतं, सकाळी मान मागे ताणून पडलेलं. यावर जगातली कुठलीही मेथी चालत नाही. लसीचे दोन डोस दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने द्या. पावसाळ्याआधी तर पाहिजेच.

दुसरं, भरडा बारीक पिठासारखा करू नका, जाडसर ठेवा, आणि वाढवायचा तर दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा, दोन-तीन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर या. कुट्टी आधी, खुराक मागून. एवढं सांभाळलंत तर पावडर ज्या गोष्टीचं आश्वासन देते त्यातलं निम्मं काम फुकटात होतं.

तिसरं तांब्याचं, आणि हे सगळ्यांनी लक्ष देऊन वाचा. मेंढी तांब्याच्या बाबतीत अतिशय नाजूक आहे. गाईंसाठीचं क्षार मिश्रण मेंढीला महिनोन्महिने दिलं की तांबं यकृतात साठत जातं. बाहेरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या ताणाच्या दिवशी, वाहतूक म्हणा, उपास म्हणा, यकृत ते एकदम सोडतं. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, आणि दोन दिवसांत जनावर गेलं. पाकिटावर घटक लिहिलेले नसतील तर त्यात मोरचूद (त्यात तांबं असतं) किंवा गाईचं क्षार मिश्रण मिसळलेलं नाही हे तुम्हाला कळणार कसं? प्रमाण न लिहिलेली पावडर मी माझ्या भागातल्या मेंढपाळांना घेऊच देत नाही.

गोठ्यातली_ताई

आमच्याकडे नारी सुवर्णा मेंढ्या आहेत, फलटणच्या निंबकर संस्थेने तयार केलेल्या. जुळी होतात हा आनंदच, पण दोन्ही पिल्लांना दूध पुरत नाही. कमजोर पिल्लू मी आत आणून बाटलीवर वाढवते. अनुभव असा की बाटलीवरची कोकरं दूध तोडल्यावर मागे पडतात, पोट सुटतं, केस राठ होतात. कुणीतरी मला मेथीची पूड चारायला सांगितली होती. वर सूक्ष्मजीवांचं वाचून विचारावंसं वाटलं, या कोकरांच्या पोटात ती वस्ती येते तरी कुठून?

रवंथ

ताई, फार चांगला प्रश्न विचारलात.

जन्मतः कोटीपोट लहान आणि निकामी असतं. चोखताना अन्ननळीच्या टोकाशी एक पन्हळ तयार होते आणि दूध कोटीपोट टाळून थेट चौथ्या पोटात जातं. जिवाणू पहिल्याच दिवसापासून शिरू लागतात, आईच्या सडावरून, तिच्या चाटण्यातून, जमिनीवरून. प्रोटोझोआ मात्र हवेतून येत नाहीत. ते आईच्या किंवा दुसऱ्या मोठ्या मेंढीच्या लाळेतून आणि रवंथातूनच मिळतात. मोठ्या मेंढ्यांपासून पूर्ण वेगळं वाढवलेलं कोकरू मोठं झालं तरी त्याच्या पोटात प्रोटोझोआ नसतात, हे प्रयोगांतून सिद्ध झालंय. त्यांच्याशिवायही कोकरू जगतं, पण कडब्यासारखा राठ चारा पचवण्यात ते कमी पडतं.

दुसरी गोष्ट, कोटीपोटाच्या आतल्या भिंतीवर बारीक बोटांसारखे उंचवटे वाढावे लागतात, आम्लं शोषली जातात ती तिथून. ते वाढतात मुख्यतः ब्युटिरिक आणि प्रोपिऑनिक आम्लांमुळे, म्हणजे कोकरू कोरडा खुराक चघळू लागल्यावर. नुसत्या दुधावर ठेवलेल्या कोकराचं वजन वाढतं, कोटीपोट मात्र तसंच राहतं. दूध तोडलं की ते उपाशी पडतं.

म्हणून बाटलीच्या कोकराला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चिमूटभर जाडसर खुराक आणि मऊ गवत समोर ठेवा, आणि दिवसातले काही तास एखाद्या शांत, जंतमुक्त मेंढीजवळ सोडा. दिवसाला पुरेसा खुराक खायला लागेपर्यंत दूध तोडू नका. मेथीने यातलं काहीच होणार नाही. दूध पिणाऱ्या कोकराच्या पोटात अजून जी वस्ती बसायचीय, तिच्यावर सॅपोनिन कशाला सोडायचं?

पशुवैद्य७

याला जोडून. हगवण लागली की कोकराला तोंडाने प्रतिजैविक पाजायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्याने कोटीपोटातली वस्ती साफ होते आणि रवंथ थांबतं. अशा जनावराला आम्ही कत्तलखान्यातून निरोगी मेंढीच्या कोटीपोटाचा ताजा रस आणतो, फडक्यातून गाळतो आणि कोमट असतानाच नळीने पाजतो. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कोकरू चाऱ्याला तोंड लावतं. बाजारातल्या कुठल्याही पावडरीपेक्षा माझा यावर विश्वास जास्त आहे.

रानवाट

सुबाभळीचं काय? आमच्या गावात बांधावर भरपूर आहे. जास्त खाल्ली की मेंढराची लोकर गळती, असं ऐकलंय आणि बघितलंयही.

रवंथ

दादा, सूक्ष्मजीवांची ताकद कळायला सुबाभळीइतकं चांगलं उदाहरण नाही.

सुबाभळीत मिमोसिन असतं. लोकर गळते ती त्यानेच. ते केसाच्या मुळाशी पेशींची वाढ थांबवतं. कोटीपोटात मिमोसिनचं रूपांतर डीएचपी नावाच्या द्रव्यात होतं, आणि ते थायरॉइडला त्रास देतं, गळ्याला गाठ येते, वजन खुंटतं. ऑस्ट्रेलियात जनावरांना याचा मोठा त्रास व्हायचा. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की हवाईतल्या शेळ्या सुबाभूळ रोज खातात आणि त्यांना काही होत नाही. त्यांच्या कोटीपोटात डीएचपी तोडणारा जिवाणू निघाला. १९८०च्या दशकात तो ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडला आणि तीच सुबाभूळ त्यांना पचू लागली. पुढे त्याला सिनर्जिस्टिस जोन्सिआय असं नाव मिळालं.

म्हणजे एकच पाला एका कळपाला चारा आणि दुसऱ्याला विष. फरक फक्त आत कोण राहतं याचा. म्हणून एका गोठ्यातला पावडरीचा अनुभव दुसऱ्या गोठ्यात जसाच्या तसा उतरत नाही. तुमच्याकडे सुबाभूळ द्यायची तर एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्यापर्यंत ठेवा आणि हळूहळू वाढवा.

आणि जतकर, तो रंगीत आलेख. असे आलेख बहुधा लेंडीच्या नमुन्यावरून काढतात. लेंडी मोठ्या आतड्याच्या शेवटी काय आहे ते सांगते, कोटीपोटातली वस्ती वेगळी असते. शिवाय डीएनए वाचून काढलेले हे आकडे टक्केवारीतले असतात. एक गट घटला की काही न करता दुसऱ्याची टक्केवारी फुगते. 'लॅक्टोबॅसिलस वाढले' हे ऐकायला छान वाटतं. भरड्यावरच्या कोकराच्या कोटीपोटात ते वाढले असतील तर मी आधी आम्लाची शंका घेईन.

जतचा_शेतकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ती पावडर घेत नाही, हे नक्की. पण घरचा ओवा आणि मेथी दळून स्वतः पाहावं असं वाटतंय. करायचंच तर नीट कसं करू?

पशुवैद्य७

करा, पण दोन गट पाडूनच. नर-मादी, एकटं-जुळं आणि आजचं वजन बघून जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीतलं एक इकडे, एक तिकडे. नुसतं 'मागच्या वर्षीपेक्षा बरी आहेत' याला अर्थ नाही, मागच्या वर्षीचा पाऊस आणि पाला वेगळा होता. दोन्ही गटांना जंतनाशक आणि लस एकाच दिवशी. खुराक एकच. पूड गुळात किंवा कोंड्यात मिसळून देणार असाल तर दुसऱ्या गटालाही तेवढाच गूळ, तेवढाच कोंडा, नाहीतर गुळाचं श्रेय ओव्याला जाईल. मध्यावर दोन्ही गटांच्या जागा आपसांत बदला, एखाद्या कप्प्यात वारा-ऊन जास्त असतं.

वजनाचं तर फार सांभाळा. पोटातला चारा-पाणीच कोकराच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असतं. पंधरा किलोच्या कोकरात तो फरक दीड-दोन किलोचा झाला. एकदा उपाशीपोटी आणि एकदा पाणी प्यायल्यावर तोललं तर जादा वजन तिथेच दिसतं. सकाळी चारा-पाण्याआधी तोला, सलग दोन दिवस, आणि सरासरी धरा. गव्हाणीत उरलेला खुराकही रोज तोलून लिहा. वजन सारखं आलं पण खुराक कमी लागला, तर तोही फायदाच.

रवंथ

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे जुळवून घेण्याचे समजून हिशेबातून सोडा. त्यानंतर किमान दोन महिने चालवा. आणि ओवा-मेथी एकत्र नको, आधी एकच घ्या. दोन्ही दिल्या तर काम कुणी केलं ते कळणार नाही. ओवा दळून हवाबंद ठेवा, तेल उडून जातं. दर आठवड्याला ताजा दळलेला बरा.

जतचा_शेतकरी

मग ओव्यापासून सुरुवात करतो. ईदेपर्यंत नर कोकरांचे दोन कप्पे होतील, तेवढी आहेत. डॉक्टर, सुरू करण्याआधी लेंड्या तपासून घ्याव्या म्हणतो, दोन-तीन कोकरं पातळ हगतायत. नमुना कसा पाठवू?

पशुवैद्य७

जमिनीवरून उचलू नका. प्लॅस्टिकची पिशवी हातात उलटी घालून लेंडी थेट गुदद्वारातून घ्या, पिशवी सुलटी करून गाठ मारा, वर कोकराचा बिल्ला नंबर लिहा. हगवण असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही कोकरांचे नमुने घ्या. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी जिल्ह्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत पोचवा. चिठ्ठीवर जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी), दोन्ही तपासा असं स्पष्ट लिहा. कॉक्सिडिया निघाले तर आधी त्याचा उपचार पूर्ण करू, ओवा मग सुरू करा. रिपोर्ट इथेच टाका.